निगेटिव्हवरून केलेल्या अंकीय प्रती : एक पाठचिकित्सा

(१)

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील जुन्या घराण्यांचीं दप्तरें चाळणाऱ्यास पोथ्या आणि मोडी कागद यांच्या जोडीला आतां आणखी एका साधनाची दखल घ्यावी लागते. तें साधन म्हणजे छायाचित्रांच्या निगेटिव्ह. कोठें त्या काचेच्या असतात, कोठें फिल्मच्या. कोठें कागदी पाकिटांत, कोठें पत्र्याच्या डब्यांत पडलेल्या असतात. ज्या कागदांचे फोटो पन्नास साठ वर्षांपूर्वीं कोणी हौसेनें घेऊन ठेविले, ते कागद पुढें वाळवीनें खाल्ले आणि निगेटिव्ह तेवढी राहिली, अशीं उदाहरणें मालवण भागांत आमच्या पाहण्यांत आहेत. तीही फार काळ राहील असा भरंवसा नाहीं. निगेटिव्हवरील चित्र ज्या थरांत असतें तो थर जिलेटिनचा, म्हणजे प्राणिज द्रव्याचा. दमट हवेंत तो फुगतो आणि बुरशीस आयतें अन्न होतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानें या किनाऱ्यावरील पुष्कळ घरांचीं छपरें उडविलीं, तेव्हां माळ्यावर ठेविलेल्या वस्तूंचें आयुष्य किती अनिश्चित असतें हें सर्वांस दिसलें.

यामुळें अशा निगेटिव्हवरून अंकीय प्रतिमा करून घेण्याची प्रवृत्ति अलीकडे वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्या प्रतिमा कशा असाव्या, कोणतीस चांगली म्हणावें आणि कोणतीस वाईट, याचा विचार मात्र फारसा होतांना दिसत नाहीं. चित्र स्वच्छ आणि झळझळीत दिसलें म्हणजे काम उत्तम झालें, अशी समजूत आहे. हीच समजूत पोथीच्या नकलेस लावली तर काय होईल? अक्षर सुंदर आहे एवढ्यावरून नक्कल विश्वसनीय आहे असें कोणताही हस्तलिखितसंग्राहक म्हणणार नाहीं. आमचें म्हणणें असें कीं निगेटिव्ह ही मूळ पोथी होय, तिची अंकीय प्रतिमा ही नक्कल होय, आणि नकलेची जी परीक्षा आपण आजवर करीत आलों तीच येथेंही केली पाहिजे.

निगेटिव्ह हा रूढ शब्दच आम्हीं या लेखांत ठेविला आहे. ऋणचित्र, व्यस्तप्रतिमा असे प्रतिशब्द बनवितां येतील. परंतु ज्या वस्तूस घरोघर एक नांव आहे तिला दुसरें नांव देऊन वाचकांस अडखळत ठेवणें बरें नव्हे.

(२)

छायाचित्राविषयीं बोलतांना सामान्यतः आपण कागदावरील छापास मूळ समजतों. वस्तुतः तो छाप दुसऱ्या पिढीचा असतो. भिंगांतून आलेला प्रकाश प्रथम पडतो तो काचेवर किंवा फिल्मवर; तेथें चांदीच्या क्षाराचें शुद्ध चांदींत रूपांतर होऊन काळे कण तयार होतात. पुढें कागदावर छाप काढतांना छापणारा कडा सोडून देतो, आकाश गडद करतो, सावल्या उजळतो. एकाच निगेटिव्हचे दहा छाप दहा तऱ्हांचे निघूं शकतात. भरपूर घनतेच्या निगेटिव्हचा अत्यंत काळा भाग आपणांवर पडलेल्या प्रकाशाचा हजारावा हिस्साच पलीकडे जाऊं देतो, आणि अत्यंत विरळ भाग बहुतेक सर्व प्रकाश जाऊं देतो. एवढ्या मोठ्या पल्ल्यांतील सर्व पायऱ्या कागदी छापांत मावत नाहींत. म्हणून छाप हाताशीं असला तरी निगेटिव्हची साक्ष अधिक बलवान् मानली पाहिजे.

नकलेच्या परीक्षेचे नियम या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोत. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें कार्य १९१९ सालीं पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत सुरू झालें आणि १९६६ सालीं तिची संहिता पुरी झाली. १९२५ पासून त्या कार्याचे प्रमुख असलेले विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं जी पद्धति घालून दिली तींत एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट आहे. जो पाठ स्वीकारला पण ज्याविषयीं पूर्ण खात्री नाहीं, त्याच्याखालीं नागमोडी रेघ ओढावयाची. संपादकाचा निर्णय आणि मूळ प्रतींचा पुरावा यांमधील अंतर वाचकाच्या नजरेस यावें हा तिचा हेतु. प्रतिमा करणारीं आजचीं यंत्रें असा संकेत पाळीत नाहींत. तीं पुसतात, भरतात, उजळतात, आणि आपण काय केलें हें तयार चित्रांत कोठेंही सांगत नाहींत. जुना लेखक ग्रंथाच्या शेवटीं जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष माझा मानूं नये, अशी विनंति करीत असे. या नव्या लेखकास ती विनंति करण्याचा अधिकार नाहीं, कारण त्यानें पाहिलें तसें लिहिलेलेंच नसतें.

(३)

हें केवळ तर्कानें म्हणत नाहीं. मालवणांतील एका घराण्याच्या संग्रहांतील ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मची एक ३६ चित्रांची गुंडाळी आणि तिच्यावरून केलेल्या दोन अंकीय प्रती आम्हांस मूळ निगेटिव्हशीं ताडून पाहावयास मिळाल्या. चित्रांपैकीं बहुतेक घराण्याच्या मोडी कागदांचीं असून थोडीं सिंधुदुर्ग किल्ल्यांतील आहेत. ते कागद आतां अस्तित्वांत नाहींत. पहिली प्रत एका छायाचित्र व्यावसायिकाकडून करविलेली आहे. तिला आम्ही क म्हणतों. दुसरी, घराण्यांतीलच एका तरुण अभियंत्यानें घरीं केलेली; ती ख.

प्रथम क प्रतीचे गुण सांगणें न्याय्य आहे. ती लवकर झाली, खर्च थोडा आला, आणि ज्यांनीं कित्येक वर्षें तीं चित्रें पाहिलीं नव्हतीं त्यांस तीं पाहावयास मिळालीं. घरच्या माणसांचे चेहरे पाहण्यापुरती ती प्रत उत्तम आहे. संशोधनाच्या दृष्टीनें मात्र तिच्यांत पुढील दोष आढळतात.

पहिला दोष कडा कापल्याचा. फिल्मच्या दोन्ही बाजूंस, छिद्रांच्या ओळींत, फिल्म करणाऱ्याचें नांव, तिचा प्रकार आणि चित्रांचे अनुक्रमांक प्रकाशानेंच उमटविलेले असतात. पोथीच्या समासांतील पत्रांकाचें जें महत्त्व तेंच या अनुक्रमांकाचें. क प्रतींत ते सर्व गेले आहेत. एक लांब कागद तीन लागोपाठ चित्रांत घेतलेला आहे. प्रत्येक चित्रांत मागील चित्रांतील दोन ओळी पुन्हां येतात, त्यावरून जोड जुळतो. क प्रतींत चित्राच्याही कडा थोड्या आंत घेतल्यामुळें त्या ओळी अर्धवट तुटल्या आणि जोडावरचा शिक्का नाहींसा झाला. तोडलेल्या उजव्या कडेबरोबर हिशेबांतील रकमांचे अर्ध्याचे दंडही गेले; ४॥ रुपयांचे ४ रुपये झाले.

दुसरा दोष पहिल्यांतून उत्पन्न झाला आहे. फिल्म यंत्रांत उलट्या बाजूनें घातली तर चित्र आरशांतल्यासारखें डावें उजवें होतें. मोडी कागद असा उलटला तर पाहणाऱ्याच्या तत्काळ लक्षांत येतें, आणि क प्रतींत ते सरळ आहेत. परंतु शेवटची पट्टी, जिच्यांत किल्ल्यांतील चित्रें आहेत, ती उलटी घातली गेली. सिंधुदुर्गावर चुन्यांत उमटलेला हाताचा ठसा परंपरेनें शिवछत्रपतींच्या उजव्या हाताचा मानतात. क प्रतींत तो डाव्या हाताचा दिसतो. कडेचे अनुक्रमांक राहिले असते तर ते उलटे दिसून ही चूक कोणासही कळली असती. उद्यां मूळ निगेटिव्ह हरवली आणि ही प्रत तेवढी राहिली, तर परंपरा खोटी ठरविण्यास एखाद्यास हा पुरावा पुरेसा वाटेल.

तिसरा दोष सर्वांत घातक. धूळ आणि ओरखडे आपोआप काढून टाकण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते. ती दोन प्रकारची आहे. एका प्रकारांत डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण फिल्ममधून सोडतात. रंगीत फिल्मचे रंग त्या किरणांस अडवीत नाहींत, धूळ अडविते, त्यावरून धूळ कोठें आहे तें कळतें. परंतु नेहमींच्या कृष्णधवल फिल्मचें चित्र चांदीचें असतें, आणि चांदी त्या किरणांस धुळीसारखीच अडविते. म्हणून ही सोय तेथें निरुपयोगी, किंबहुना घातक ठरते. दुसऱ्या प्रकारांत चित्रांतील लहान एकाकी ठिपके हुडकून यंत्र ते शेजारच्या रंगानें भरून टाकतें. क प्रतींत हेंच झालेलें दिसतें. मोडींत अनुस्वार पुष्कळदां गाळतात, म्हणूनच जेथें तो दिला असेल तेथें त्याला किंमत असते. खाजण जमिनीच्या एका कागदांत निगेटिव्हवर भिंगानें पाहतां ‘बांध नाहीं’ असें स्पष्ट वाचतां येतें. क प्रतींत टिंब धूळ समजून पुसलें गेल्यामुळें ‘बाध नाहीं’ असें झालें. खाऱ्या पाण्याच्या काठच्या जमिनीस बांध नसणें आणि एखाद्या व्यवहारास बाध नसणें यांत किती अंतर आहे हें किनाऱ्यावरील कोणाही शेतकऱ्यास विचारावें. आश्चर्य हें कीं ‘बाध नाहीं’ हा पाठही अर्थ देतो. निरर्थक झालेला पाठ शंका उत्पन्न करतो; सार्थ पण खोटा पाठ कोणास कळत नाहीं.

चौथा दोष पल्ल्याचा. क प्रतींत प्रत्येक चित्राच्या छटा २५६ पायऱ्यांत बसविल्या असून, वर झळाळी यावी म्हणून काळा अधिक काळा आणि पांढरा अधिक पांढरा केला आहे. त्यामुळें फिकट शाईच्या ओळी कागदाच्या रंगांत मिसळून गेल्या. ख प्रतींत १६ बिटांची नोंद असल्यामुळें ६५,५३६ पायऱ्यांची सोय आहे, आणि त्याच ओळी तेथें वाचतां येतात.

पांचवा दोष सूक्ष्मतेचा. क प्रतींतील चित्र १८०० बाय १२०० बिंदूंचें, म्हणजे सुमारे २१ लाख ६० हजार बिंदूंचें आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचें असतें. दर इंचास ४००० बिंदु घेतले तर ५६६९ बाय ३७८०, म्हणजे सुमारे २ कोटि १४ लाख बिंदु होतात. क प्रतींत त्याचा दहावा हिस्सा आला. मोडींतील बारीक वळणें, ज्यांवरून दोन अक्षरांमधील भेद ठरतो, तीं दहाव्या हिश्शांत कशीं राहावीं?

ख प्रत या बहुतेक दोषांपासून मुक्त आहे. तीत फिल्म मागून सारख्या प्रकाशानें उजळून, जवळचें सूक्ष्म चित्र घेणाऱ्या भिंगाच्या अंकीय कॅमेऱ्यानें कडांसकट चित्र घेतलें आहे. निगेटिव्ह जशी आहे तशी काळ्याची पांढरी न करितां एक संच, आणि वाचण्यासाठीं सरळ केलेला दुसरा, असे दोन ठेविले आहेत. तथापि तीही निर्दोष नाहीं. चारही कोपऱ्यांत प्रकाश कमी पडला आहे, घनता मोजण्याची करडी पट्टी एकाही चित्रांत नाहीं, आणि ज्या पाकिटांत ती फिल्म होती त्याचें चित्र घेतलेलें नाहीं. हा शेवटचा दोष लहान वाटेल. तो लहान नाहीं, हें दाखविण्यासाठीं याच किनाऱ्यावरील एक प्रसिद्ध प्रकरण विचारांत घेऊं.

(४)

देवगड तालुक्यांतील विजयदुर्ग किल्ल्यांत कांहीं ओटे असून त्यांस साहेबाचा कट्टा म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिषशास्त्रज्ञानें येथूनच वेध घेऊन हेलियम वायूचा शोध लाविला, असें सांगितलें जातें; त्या तारखेस येथें हेलियम दिनही साजरा होऊं लागला आहे. त्या ग्रहणाचे मोठे वेध हिंदुस्थानांत झाले हें खरें. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन तेव्हां गुंटूर येथें होता. परंतु लॉकियर त्या वर्षीं हिंदुस्थानांत आलाच नव्हता. तो इंग्लंडांत होता, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजीं, ग्रहण नसतांना, त्यानें तेथूनच सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यांतील पिवळ्या रेषेवरून पुढें हेलियम हें नांव निघालें. पृथ्वीवर तो वायु रॅम्से यानें १८९५ सालीं मिळविला.

मग साहेबाचा कट्टा खोटा काय? तसें मुळींच नाहीं. २२ जानेवारी १८९८ रोजीं, शके १८१९ च्या पौष अमावास्येस, दुसरें खग्रास ग्रहण या किनाऱ्यावरून गेलें, आणि त्या वेळीं लॉकियर विजयदुर्गास खरोखरच आला होता. मेल्पोमिनी या इंग्रज लढाऊ जहाजावरील खलाशी व अधिकारी त्याच्या मदतीस होते, त्याचा मुलगा आणि फाउलर हा सहकारी बरोबर होता. ग्रहणाची खग्रास स्थिति सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यांत भिंगापुढें लोलक लाविलेल्या कॅमेऱ्यांनीं सूर्याच्या कडेच्या वर्णरेषांच्या काचा घेतल्या गेल्या, आणि त्यांचा सविस्तर वृत्तान्त लंडनच्या रॉयल सोसायटीनें पुढें छापला. याच सालीं राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड बाहेर पडला, हें वाचकांस स्मरत असेल. तेव्हां ओटे लॉकियरचे असतील तर ते १८९८ चे मानले पाहिजेत, १८६८ चे नव्हेत.

येथें प्रस्तुत मुद्दा असा. दोन्ही दिवस अमावास्येचे, दोन्ही ग्रहणें खग्रास, माणूस एकच, आणि सालांत एका आकड्याचा फरक. ग्रहणाच्या काचेवर काळी तबकडी आणि भोंवतीं तेज दिसतें. साल, ठिकाण, यंत्र, किती सेकंद काच उघडी होती, हें सामान्य पाहणाऱ्यास त्या तेजावरून कळत नाहीं. तें कळतें काचेच्या कडेवरील अक्षरांवरून, पाकिटावरील टिपणावरून आणि वेधाच्या वहीवरून. चित्र तेवढें उचललें आणि टिपण टाकून दिलें, म्हणजे १८९८ चें १८६८ होण्यास वाट मोकळी झाली. विजयदुर्गाची दंतकथा कोणा छायाचित्राच्या प्रतीमुळें निर्माण झाली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु साल वस्तूपासून तुटलें म्हणजे काय होतें याचें याहून बोलकें उदाहरण या जिल्ह्यांत नाहीं.

त्याच ग्रहणाचें दुसरें एक चित्र पल्ल्याविषयींचा आमचा मुद्दा सिद्ध करतें. ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर आणि तेथून विदर्भांतून पुढें गेला. जेऊरास पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला होते. विदर्भांत तळणी येथें अ‍ॅनी माँडर या विदुषीनें आपल्या लहानशा कॅमेऱ्यानें सूर्यतेजाची एक अतिशय लांब शलाका टिपली. तोंवर एवढी लांब शलाका कोणाच्याही काचेवर आलेली नव्हती. ही शलाका म्हणजे काचेवरील जेमतेम उमटलेली छटा. २५६ पायऱ्यांत बसवून झळाळी वाढविलेल्या प्रतिमेंत अशी छटा राहीलच याची शाश्वती कोण देईल?

(५)

योग्य रीतीनें हें काम कसें होतें तें पाहण्यास विलायतेस जावयास नको. कोडाईकनाल येथील वेधशाळेंत १९०४ पासून सूर्याच्या काचा आणि फिल्म घेतल्या जात आल्या; नायगमवालांच्या पुण्याच्या वेधशाळेंतील यंत्रेंही १९१२ सालीं तेथेंच गेलीं. शंभर वर्षांवरील या संग्रहाच्या अंकीय प्रतिमा भारतीय खगोलभौतिकी संस्थेनें करविल्या. सर्व बाजूंनीं सारखा प्रकाश देणारा उगम, ४०९६ बाय ४०९६ बिंदूंची संवेदक पट्टी आणि १६ बिटांची नोंद, ही त्यांची योजना. तेथें चित्र सुंदर दिसावें हा हेतु नव्हता. काचेवरील काळेपणा मोजतां यावा हा होता. आमच्या मतें मोडी कागदाच्या निगेटिव्हविषयींही हाच हेतु असावा. वाचण्यासाठीं जी प्रतिमा लागते ती या मोजणीवरून केव्हांही तयार करतां येते. सुंदर चित्रावरून मोजणी परत मिळवितां येत नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत करतां येण्याजोगी रीत पुढीलप्रमाणें सुचवितों. ३५ मिलिमीटर फिल्मसाठीं दर इंचास ४००० बिंदु पुरेत. म्हणजे दर मिलिमीटरास १५७ बिंदु, आणि त्यांत जास्तींत जास्त ७८ रेघांच्या जोड्या ओळखतां येतील. जुन्या हौशी कॅमेऱ्यांच्या भिंगांनीं यापेक्षां अधिक क्वचितच टिपलें असेल. अर्ध्या प्लेटची, म्हणजे पावणेपांच बाय साडेसहा इंचांची काच असेल तर दर इंचास १२०० बिंदु घेतले तरी साडेचार कोटींच्या जवळपास बिंदु होतात. यंत्राच्या खोक्यावर छापलेल्या आंकड्यावर विसंबूं नये. काचेखालीं कागद ठेवून नक्कल करणाऱ्या सपाट यंत्रांत छापील आंकडा मोठा आणि प्रत्यक्ष सूक्ष्मता त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी, असें पुष्कळदां आढळतें. बारीक रेघांची परीक्षापट्टी ठेवून एक चित्र घ्यावें आणि कोठवर रेघा वेगळ्या दिसतात तें पाहावें, म्हणजे निर्णय होतो.

मूळ प्रतिमा १६ बिटांची, टिफ् पद्धतीची, कडांसकट आणि अस्पृष्ट ठेवावी. धूळ काढणें, तीक्ष्ण करणें, झळाळी वाढविणें या सर्व सोयी बंद कराव्या. ३५ मिलिमीटरच्या एका कृष्णधवल चित्रास अशी नोंद सुमारे ४३ मेगाबाइट जागा घेते, ३६ चित्रांच्या गुंडाळीस दीड गिगाबाइट. आजच्या मानानें ही जागा कांहींच नाहीं. प्रत्येक गुंडाळीबरोबर करडी पट्टी, पाकिटाच्या दोन्ही बाजू, डब्यावरील चिठ्ठी आणि असल्यास वही यांचीं चित्रें घ्यावीं, आणि फाइलीच्या नांवांत गुंडाळीचा व चित्राचा अनुक्रमांक फिल्मच्या कडेवर आहे तोच ठेवावा. धूळ काढावयाची ती मऊ कुंचल्यानें, फुंकणीनें, यंत्रांत घालण्यापूर्वीं. ओल्या फडक्यानें कधींही नव्हे. हें काम दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंत, हवा कोरडी असतांना करावें. मृगाच्या तोंडावर डबे उघडून बसूं नये.

(६)

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, सामान्य माणसास स्वच्छ चित्र हवें असतें, धुळीचे ठिपके नकोत. मान्य आहे. त्याला स्वच्छ चित्र द्यावें, परंतु तें मुळावरून केलेली दुसरी प्रत म्हणून द्यावें, आणि पहिली अस्पृष्ट प्रत जवळ ठेवावी. संहिता आणि टीका आपण एका पोथींत लिहितों, तरी टीकाकाराचें वाक्य मुळांत मिसळूं देत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, एकदां उत्तम प्रतिमा झाली म्हणजे कुजणारी फिल्म कशाला सांभाळावी? या प्रश्नाचें उत्तर ग्रहणांच्या काचांनींच दिलें आहे. २९ मे १९१९ च्या ग्रहणाच्या ब्राझीलमधील सोब्राल येथें घेतलेल्या काचांवरून ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वळतो कीं नाहीं हें ठरविलें गेलें. त्या काचा ग्रिनिचच्या वेधशाळेनें जपल्या होत्या, म्हणून १९७९ सालीं नव्या यंत्रांनीं त्या पुन्हां मोजतां आल्या आणि जुन्या निर्णयास पुष्टि मिळाली. १९१९ च्या मोजणीचे आंकडेच तेवढे ठेवून काचा टाकल्या असत्या, तर तो वाद आंकड्यांवर राहिला असता. आजचें यंत्र आज उत्तम; साठ वर्षांनंतरच्या यंत्रास कोणता तपशील वाचतां येईल हें आज सांगतां येत नाहीं. म्हणून प्रतिमा झाल्यावर निगेटिव्ह अधिक काळजीनें ठेवावी. अपवाद एक, आणि तोही टाकण्याचा नव्हे तर वेगळें ठेवण्याचा. १९५० च्या सुमारापर्यंतच्या कित्येक फिल्म नायट्रेटच्या असत. त्या सहज पेट घेतात. त्यानंतरच्या असिटेटच्या फिल्म बिघडूं लागल्या म्हणजे शिरक्यासारखा आंबट वास येतो, आणि तो बिघाड शेजारच्या फिल्मलाही लागतो. अशा फिल्म निवडून निराळ्या, थंड व हवेशीर जागीं ठेवाव्या आणि त्यांच्या प्रतिमा प्रथम कराव्या.

पुण्यास ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यानें सुरक्षित मानलेला संग्रहही एका दिवसांत संकटांत येऊं शकतो हें सर्वांस शिकविलें आहे. या किनाऱ्याच्या इतिहासास लागणारीं गोव्यांतील पोर्तुगीज कागदपत्रें १९५० नंतरच्या दशकांत लिस्बनसाठीं मायक्रोफिल्मवर घेतलीं गेलीं; मूळ कागद झिजले तरी त्या वेळीं त्यांवर काय वाचतां येत होतें याची साक्ष त्यामुळें दुसरीकडे राहिली. दोन ठिकाणीं प्रत असणें हेंच खरें रक्षण. परंतु दुसऱ्या ठिकाणची प्रत क प्रतीसारखी असेल, तर आपण रक्षण केलें असें समजून प्रत्यक्षांत अपपाठच जतन केला, असें होईल.

(७)

सारांश, क प्रत करणाऱ्या व्यावसायिकास आम्ही दोष देत नाहीं. त्याच्याकडे सुंदर चित्रें मागितलीं गेलीं, तीं त्यानें दिलीं. दोष मागणाऱ्यांचा आहे, आणि मागणाऱ्यांत आपण, म्हणजे संग्राहक आणि संशोधक, सर्वांत पुढें आहों. पोथीची नक्कल करवितांना आपण लेखकास सांगतों कीं पानाचा आंकडा सोडूं नको, समासांतलें टिपण सोडूं नको, तुटलेल्या जागीं आपल्या पदरचें घालूं नको. निगेटिव्हची प्रत करवितांना याच तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्या : कडा राखाव्या, पाकिटाचें चित्र घ्यावें, आणि यंत्रास कांहींही पुसूं देऊं नये. यांस चौथी जोडावी ती अशी कीं, जिच्यांत कांहीं बदल केला आहे अशा प्रत्येक प्रतिमेच्या नांवांतच तसें नमूद असावें. ही आपली नागमोडी रेघ होय.

उपर्युक्त घराण्याच्या ज्या कागदांच्या निगेटिव्ह आम्हीं पाहिल्या त्यांचें वाचन ख प्रतीवरून व मूळ फिल्मवरून चालू आहे. खाजण जमिनीचा तो कागद, बांधासह, पुरा लागला म्हणजे वाचकांस सादर करूं. इतर संग्राहकांनीं आपणांकडील निगेटिव्हच्या प्रती करविण्यापूर्वीं वरील सूचनांचा विचार करावा, आणि ज्यांनीं आधींच करविल्या असतील त्यांनीं मूळ फिल्म अद्यापि जवळ आहे काय हें एकदां पाहावें, एवढी विनंति आहे.